तीन नंबरच्या गोदामातली किटली

“बोटं मोजा! ज्याचा विश्वास नसेल त्याने पुढे यावं आणि बोटं मोजावीत!”

पाऊलबाबांचा आवाज खणखणीत होता, त्यात शंका नाही. सकाळी आठच्या सुमाराला तीन नंबरच्या गोदामाच्या दाराशी शंभर-सव्वाशे माणसं दाटीवाटीने उभी होती. हमाल होते, बी निवडणाऱ्या बायका होत्या, काटेवाला वजनकाटा वाऱ्यावर सोडून आला होता, आणि ज्यांचा बियाण्याशी काडीचा संबंध नाही असे रस्त्यावरचे लोकही घुसले होते. आत जमिनीवर बारीक भुसा चाळून अंथरला होता. मधोमध वारलेल्या गोदामवाल्याचं लाकडी स्टूल. आणि त्या स्टुलाभोवती चिमुकल्या पावलांचे फेरे, एक नाही, दोन नाही, चांगले तीन. एकेक पाऊल नखाएवढं, आणि प्रत्येकाला पाच बोटं.

दाराला आदल्या संध्याकाळी सगळ्यांदेखत लाखेचं सील ठोकलं होतं. सील शाबूत होतं. स्टुलावर ठेवलेल्या वाटीतलं सूर्यफुलाचं बी मात्र फस्त झालं होतं, नुसती टरफलं उरली होती.

“माणूस गेला की आत्मा आकसतो,” बाबा सांगत होते. “आधी बाळाएवढा होतो, मग बोटाएवढा. तुमचा गोदामवाला परत आलाय! त्याची जागा तुम्ही दुसऱ्याला दिलीत, म्हणून तो चिडलाय. एकेकाला तापाने धरतोय. पण घाबरू नका. त्याच्या पायांखालची धूळ हेच औषध. ती डोक्यावर झटकून घ्यायची आणि सात वेळा छाती भरून श्वास घ्यायचा. आणि दक्षिणा? मला काही नको. आत्म्यासाठी प्रत्येकी एक पिशवी बी. तेही पहिल्या प्रतीचं.”

आत्म्याला दुसऱ्या प्रतीचं बी चालत नाही, याची मी मनात नोंद केली.

मी या कंपनीत बियाणं तपासते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठ दिवसांनी किती उगवले ते मोजायचं, चिठ्ठीवर लिहून सही करायची. बावीस वर्षं हेच. गळ्यात भिंग लटकलेलं असतं म्हणून मला सगळे भिंगवाली म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण त्यासाठी भिंग लागत नाही. एरवी मी असल्या तमाशाला गेले नसते. त्या दिवशी गेले, कारण गर्दी फाटली आणि चौघांनी उचललेल्या खुर्चीवरून माझ्या धाकट्या बहिणीला पुढे आणलं.

धाकटी याच गोदामात बी निवडते. तीन दिवस ताप होता. मांड्या आणि कंबर अशी दुखत होती की कूस बदलताना रडायची. मी रोज सांगत होते, हॉस्पिटलात चला. तिचा नवरा, म्हणजे माझे मेहुणे, नवे गोदामवाले, रोज म्हणत होते, उद्या बघू. आणि आज तिचा श्वास लागला होता. दोन शब्द बोलायची आणि थांबायची.

“ताई,” मला बघून ती म्हणाली. “दम... पुरत नाही गं.”

बाबांनी फडक्यात धूळ भरायला चेल्याला खूण केली. स्वतः मात्र मघापासून दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला उभे होते, आणि नाकावर शाल घट्ट बांधलेली होती.

माझं डोकं फिरलं. “थांबा! जिला श्वास घेता येत नाही तिच्या नाकातोंडात धूळ घालताय? आणि तुमचं नाक का बांधलंय हो?”

“आत्म्यासमोर तोंड उघडं ठेवू नये, बाई. तो आदर आहे.”

“मग आम्ही काय त्याचा अपमान करायला आलोय? आम्हालाही बांधू दे की!”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी तोवर आत शिरले होते. वाटीतलं एक टरफल उचलून भिंगाखाली धरलं. दातांच्या खुणा मी रोज बघते, ती माझी रोजीरोटी आहे. “हे कुरतडलंय. पुढच्या दोन दातांनी. आणि ही पावलं उंदराची आहेत. मागच्या पायाला पाच बोटं असतात त्याच्या, आणि तो पाय पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो. आत्मा कसला, डोंबल!”

“उंदीर!” बाबांनी आकाशाकडे बघितलं. “ऐका! शिकलेल्या बाई म्हणतात उंदीर! अहो बाई, उंदीर कोपऱ्याकोपऱ्याने पळतो. तो स्टुलाला तीन प्रदक्षिणा घालतो? एवढ्या रेखीव? त्याला काय कुणी कंपास दिला होता?”

लोक खो खो हसले. या वेळी मला. उंदीर गोल का फिरला? मी खाली वाकले. भुशाला एक वास येत होता, ओळखीचा, खमंग. ॲप्रनच्या खिशात आमचा उगवणीचा कागद होता, टीपकागदासारखा जाडसर. तो मी पावलांच्या रांगेवर दाबला आणि दारात येऊन उजेडात धरला. कागदावर एक वाकडी पट्टी उमटली होती, आणि तिच्यातून पलीकडचा उजेड आरपार दिसत होता.

“तेल,” मी म्हणाले. “काल संध्याकाळी काठीला ओली चिंधी बांधून स्टुलाभोवती कोण फिरलं होतं? तुम्ही सगळ्यांनी बघितलं. तुम्हाला वाटलं मंतरलेलं पाणी आहे. पाणी असतं तर सकाळपर्यंत वाळलं असतं. हे शेंगदाण्याचं तेल आहे. वरून भुसा चाळला की झालं. उंदीर वासामागे चालतो.”

बाबा गरजले, “तो आत्म्याचा घाम आहे!”

“आत्म्याला घाम येतो? तोही शेंगदाण्याच्या वासाचा?”

पण गर्दी माझ्याकडे वळली नव्हती. लोकांच्या चेहऱ्यावर चीड होती, आणि ती माझ्यावर होती. मेहुणे पुढे आले. वाईट माणूस नाही हो तो. डोळे रडून सुजलेले होते.

“ताई, म्हाताऱ्या गोदामवाल्याला नेलं होतं ना तुमच्या हॉस्पिटलात? दोन तासांत तोंडावर चादर ओढली. आणि बाबांनी धूळ घातली तो हमाल आज उठून चालतोय. मी कुणाचं ऐकू?”

“म्हाताऱ्याला पाचव्या दिवशी नेलं तुम्ही! ओठ निळे पडल्यावर!”

“मी माझ्या बायकोला तिथे मरायला पाठवणार नाही.”

त्याच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. धाकटीच्या नाकपुड्या फुगत होत्या. तेव्हा मी जे बोलले ते विचार करून बोलले नाही, रागाने बोलले. “पैज लावा. आज संध्याकाळी या जमिनीवर मी तेल फिरवते. बाबांच्या लाखेचं सील, तुमच्याकडे किल्ली. आकार तुम्ही सगळे सांगा. उद्या सकाळी तुमचा आत्मा त्या आकारात नाचलेला दिसेल. नाही दिसला, तर धाकटीला मी स्वतः हॉस्पिटलातून उचलून इथे आणीन आणि बाबांच्या पायाशी बसवीन. पण आत्ता, या मिनिटाला, तिला गाडीत घाला.”

निवडणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी, जिला आम्ही चष्मेवाली म्हणतो, खणखणीत आवाजात म्हणाली, “किटली काढ.”

“काय?”

“चहाची किटली. म्हाताऱ्याचा सगळा जीव तिच्यात होता. आत्मा असेल तर त्यालाही बरं वाटेल, आणि उंदीर असेल तर त्याला काय कळतंय.”

लोक हसले, आणि त्या हसण्यात मेहुण्यांनी मान हलवली.

हॉस्पिटलात धाकटीला ऑक्सिजन लावला. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला तुटक. छातीचा फोटो बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. “फुप्फुसात पाणी भरायला लागलंय. अजून एक दिवस घरी ठेवली असती तर कठीण होतं. मला एक सांगा, गेल्या महिना-दोन महिन्यांत यांनी कुठली बंद पडलेली जागा झाडली होती का?”

मी तीन नंबरचं गोदाम आणि बाबांची धूळ, दोन्ही सांगून टाकलं.

सव्वा महिन्यापूर्वी तीन नंबरचं गोदाम उघडलं होतं. वर्षभर बंद होतं ते. म्हातारा गोदामवाला आणि धाकटी, दोघांनी मिळून ते तीन दिवस झाडलं होतं. खराट्याने, कोरडं. आमच्याकडे कोरडंच झाडतात. बियाण्याच्या गोदामात पाण्याचा थेंब न्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम. नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी हे सांगतात. ओल लागली की बी पोत्यातच मोड काढतं आणि वर्षाचा माल जातो. म्हातारा तर ओल्या छत्रीवाल्याला उंबरठ्यावरून परत पाठवायचा.

“रानउंदीर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गवतात, बांधावर राहणारे. दाणा दिसला की आत येतात. त्यांच्यातल्या काहींच्या अंगात एक विषाणू असतो. हंता म्हणतात त्याला. उंदराला काही होत नाही, मजेत असतो. पण त्याच्या लघवीत, लेंड्यांत, थुंकीत तो उतरतो. ते वाळतं, धुळीत मिसळतं. तुम्ही कोरडा खराटा मारला की धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. पुढे दोन-तीन आठवडे, कधी दीड महिना काहीच होत नाही. म्हणून कुणाला संशयही येत नाही. रक्त तपासायला पाठवलंय, पण मी निकालाची वाट बघणार नाही.”

“औषध?”

“त्याला मारणारं खास औषध नाही. वेळेवर आणलं तर श्वासाला आधार देऊन माणूस वाचवता येतो. वेळेवर, हेच औषध समजा. तुम्ही आज त्या धुळीत गेलात?” मी मान डोलावली. “शहाण्या आहात! आता दोन महिने स्वतःवर लक्ष ठेवा. आणि उद्या ज्यांना ज्यांना ती धूळ हुंगवणार आहेत, त्यांना आवरा.”

तिथल्या बाकावर मी दहा मिनिटं बसून होते. बहिणीची काळजी होतीच, पण दुसरंही एक होतं, आणि ते मला कुणालाही सांगावंसं वाटत नव्हतं. मग उठले. पैज जिंकायची होती. हरले असते तर मेहुणे माझ्या शब्दावर बोट ठेवून तिची नळी काढायला आले असते, आणि तिच्यामागे आणखी चाळीस माणसं त्या फडक्याखाली माना घालून उभी राहिली असती.

संध्याकाळी मी बियाण्याला औषध चोळताना लावतात तो जाड मास्क लावला, हातमोजे घातले, दारं-खिडक्या चांगला तासभर सताड उघडून ठेवल्या, आणि लांब काठीने, धूळ न उडवता, भुशात एक मोठी किटली तेलाने काढली आणि जुने ठसे झाकतील असा नवा भुसा वरून अलगद पसरला. झाकण, चोच, मूठ. बाबांचं लक्ष माझ्या काठीवर होतं. “आत्मा अशा थट्टेला येत नसतो,” ते तीनदा म्हणाले. “मग तुमची भीती कसली?” मी विचारलं. खिडक्या लावल्यावर सील त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी दुप्पट होती. मी सगळ्यांना दारापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला उभं केलं. चष्मेवालीने माझी बाजू घेतली आणि जो पुढे सरकेल त्याला सुपाने मागे ढकललं. बाबांनी सील तपासलं. शाबूत होतं. मेहुण्यांनी कुलूप काढलं आणि कवाड लोटलं.

भुशात किटली होती. चोच जरा वाकडी आली होती, पण किटलीच होती. चिमुकल्या पाच बोटांनी काढलेली, मुठीवर तर दुहेरी ओळ.

काटेवाला म्हणाला, “च्यायला, आत्म्याला चहा हवाय!” आणि हशाचा असा स्फोट झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

“ही त्याची लीला!” बाबा ओरडले. “तुमच्या थट्टेलाही त्याने मान दिला!”

“मान दिला तर आता तुम्ही त्याच्या धुळीला मान द्या,” चष्मेवाली म्हणाली. “नाकावरची शाल सोडा, आत जा, आणि सात वेळा छाती भरून श्वास घ्या. आम्ही बघतो.”

“होऊन जाऊ द्या!” हमाल ओरडले.

बाबांचा हात शालीवर गेला आणि तिथेच राहिला. ते एक पाऊल मागे सरले, मग दुसरं. त्यांना ठाऊक होतं. विषाणूचं नाव ठाऊक नसेल, पण उंदरांच्या धुळीत नाक खुपसायचं नसतं एवढं त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्याने माझ्या बहिणीला खुर्चीवरून आणवलं होतं. हे आठवलं की अजूनही माझ्या हाताच्या मुठी वळतात. हमालांनी त्यांची बियाण्याने भरलेली गाडी अडवली आणि एकेक पिशवी उतरवून घेतली. बाबा पायीच गेले.

पण मेहुणे हसत नव्हते. ते म्हणाले, “ठीक आहे. पावलं उंदराची. मग म्हातारा मेला कशाने? ते सांगा. ते नाही सांगितलंत तर उद्या दुसरा बाबा येईल.”

बरोबर होतं त्यांचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी डॉक्टरबाईंचं बोलणं सांगितलं. रानउंदीर, वाळलेली घाण, कोरडा खराटा, धूळ, श्वास. सावकाश, कुणालाही कळेल असं सांगितलं. तो हमाल धुळीने बरा झाला नव्हता, त्याला साधा सर्दीताप होता, तो आपोआप उतरला, हेही सांगितलं. रक्ताचा निकाल तासाभरापूर्वीच आला होता: हंता. आणि मग खिशातून घडी केलेली एक चिठ्ठी काढली. ती नक्कल माझ्या फाइलीत होती; रात्रीच काढून मी खिशात ठेवली होती.

“ही माझी चिठ्ठी आहे. गोदाम उघडलं तेव्हाची. दाणे कुरतडलेले मला दिसले होते. मी लिहिलं, ‘उंदरांचा वावर आहे. गोदाम स्वच्छ झाडून घ्यावे.’ खाली सही. म्हातारा माझ्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने तीन दिवस झाडलं. बरोबर माझी बहीण होती. त्याला भुताने नेलं नाही आणि कुणाच्या शापानेही नेलं नाही. मला माहीत नव्हतं म्हणून तो गेला. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण बावीस वर्षांत मला कुणी उलटा प्रश्न केला नव्हता. बाबांनी तुम्हाला प्रश्न विचारू दिले नाहीत, आणि मी स्वतःलाच विचारले नाहीत. तेव्हा माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. विचारा. मी चुकले तर इथे, असंच, सगळ्यांसमोर विचारा. त्या माणसाच्या आत्म्यासाठी काही करायचंच असेल तर एवढं करा.”

मेहुण्यांनी चिठ्ठी हातात घेतली, पुन्हा पुन्हा वाचली. मला वाटलं आता हा माणूस हात उगारेल. मी उगारूही दिला असता. त्यांनी घडी घालून ती मला परत दिली आणि विचारलं, “मग झाडायचं कसं?”

“झाडायचंच नाही. दारं उघडून ठेवायची, मास्क, हातमोजे, आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने सगळं भिजवायचं. भिजलं की ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं.”

“पाणी?” काटेवाला किंचाळला. “गोदामात?”

सगळी माणसं थबकली. बाबा गेले ते चाललं, आत्मा गेला तो चालला, पण बियाण्याच्या गोदामात पाणी! मेहुणे मात्र नळावर गेले. जवळची पोती एक नंबरमध्ये हलवली. मग मास्क बांधून, दोन्ही हातांत बादल्या घेऊन ते परत आले आणि उंबरठ्यावर उभे राहिले. ज्या उंबरठ्यावरून म्हाताऱ्याने इतक्या छत्र्या परत पाठवल्या होत्या तोच उंबरठा. “माफ करा, काका,” ते म्हणाले, आणि पहिली बादली हलक्या हाताने जमिनीवर ओतली. किटली आधी चोचीकडून विरघळली.

धाकटी चार दिवस मृत्यूशी झुंजली आणि पाचव्या दिवशी तिची नळी काढली. सतराव्या दिवशी घरी जायच्या आधी तिने हट्ट धरला, गोदाम बघायचंय. आम्ही तिला दारापर्यंत नेलं. दारावर आता एक पाटी आहे: “कोरडे झाडू नये. आधी भिजवा, मग पुसा. बंद जागेत काम केल्यावर ताप आला तर थांबू नका, हॉस्पिटलात जा. शंका असेल तर विचारा.” खाली माझी सही आहे, आणि शेजारी डॉक्टरबाईंची. आधी त्यांनी तपासली, मग मी केली.

उंदरांची बिळं बुजवली होती, जाळ्या ठोकल्या होत्या. पण फरशीच्या भेगांमध्ये अडकलेल्या दाण्यांना पाणी पोचलं होतं, आणि सगळ्या गोदामभर, स्टुलाच्या पायांशीसुद्धा, सूर्यफुलाची हिरवी दुपानी रोपं उभी होती. आमच्या धंद्यात याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. कुणीही ती उपटली नव्हती.

धाकटी दारात टेकून उभी राहिली. एक लांब, पूर्ण श्वास घेतला. मग माझ्याकडे बघून हसली.

“ताई, उगवण किती टक्के गं?”

मी भिंग काढलं, खाली बसले आणि मोजायला लागले.